अंबाडीची दोरी

मास्तर: आधी तो कोयता खाली ठेव, राहीबाई. मग ती गोष्ट वाचतो.

राही: आज बाई झाले मी? आजवर पत्र सांगाया आले का, ‘राही, पायरीवर बस’ म्हनायचे. पायरीवर बसूनच सांगितली सगळी पत्रं. आज आत आले तर बाई झाले.

मास्तर: कडी तरी काढ. सरस्वती नदीवर धुणं घेऊन गेली आहे. ती येईल आता.

राही: येऊ द्या. कडी ऱ्हाऊ द्या.

मास्तर: बारकूचं कळलं मला. परवा तुमच्या वाडीवरचा झिपरू मुंबईहून आला, त्यानंच सांगितलं. फार वाईट झालं.

राही: काय सांगितलं?

मास्तर: की तुझ्या भावाला… मारलं.

राही: एवढंच? तुमी छापून येईल असं लिवता. मारामाऱ्या पानंच्या पानं लिवता म्हनं. आनि वळखीचं मानूस मारलं तर एक शबुद? झिपरूनं मला सांगितलं तसं सांगते. बारकू रातभर भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या टोपल्या उचलायचा नि दिवसा फुटपाथवर निजायचा. हे तुमाला ठाव हाय.

मास्तर: आहे.

राही: भर दुपारी निजला व्हता. पाय खांबाला बांधून. तिघं आले, तोंडाला फडकी बांधून. पयला घाव खांद्यावर बसला. तो उठला नि पळाला. किती पळाला? दोरीभर. दोरी संपली तसा तोंडावर पडला. परत उठला, दुसरीकडं पळाला. तिथंबी दोरी संपली. झिपरू समोर चहावाल्याकडं उभा व्हता. म्हनतो, दाव्याचं ढोर फिरतं तसा खांबाभवती फिरला. फिरंल तशी दोरी खांबाला गुंडाळत गेली नि आखूड झाली. शेवटी खांबाला मिठी मारून बसला. मंग त्यांनी पाठीवर घातले. पाच का सहा.

मास्तर: पुरे, राही.

राही: गोष्टीत ‘पुरे’ लिवलंय का कुठं?

मास्तर: ती गोष्ट आजच कशाला ऐकायची आहे, ते सांग.

राही: काल मुरबाडला गेले व्हते, फौजदाराकडं. बोलले, कमळूनं मारलं. गोमा मुकादमाचा भाऊ. सगळ्या तालुक्याला ठाव हाय का त्यानं शपथ घेतली व्हती.

मास्तर: गोमाला बारकूनं मारलं, तेही तालुक्याला ठाऊक आहे.

राही: मारलंच. का मारलं तेबी बोला. एका लाकडाच्या मोळीपायी गोमानं माझ्या बापाला बांबूनं कुटला. तीन दिस रगत ओकत व्हता म्हातारा. चवथ्या दिसी आमी त्याला जाळला, नि पाचव्या दिसी बारकूनं गोमाला खळ्यावर गाठला. एकच घाव, मानंवर. भाताच्या राशीत पडला गोमा. ते भात मंग कुनी खाल्लं कुनास ठाव.

मास्तर: खळ्यावर चाळीस माणसं होती.

राही: चाळीस व्हती. कोर्टात एकानंबी पाहिलं नाय. म्हनून सुटला बारकू. सुटला नि त्याच राती मुंबईला लपाया गेला. फौजदार मला तेच बोलला. म्हनला, बाये, तुझा भाऊ साक्षीदार नव्हता म्हनून सुटला, आता कमळूबी तसाच सुटंल. कमळू कल्यानच्या पुढं कवा गेला नाय. मुंबईत लाखो मानसं. त्यातला तुझा भाऊ कुठल्या गल्लीत, कुठल्या खांबाला निजतो, ते त्याला कुनी सांगितलं? सांगनारा आन, मी आजच बेड्या घालतो.

मास्तर: आणि तू माझ्याकडे आलीस.

राही: फौजदाराकडनं निघाले नि धसईच्या बाजारात बसले व्हते. वान्याच्या ओट्यावर कुनी मासिक मोठ्यानं वाचीत व्हता. मानसं हसत व्हती. म्हने, ही आपल्या मास्तरांची गोष्ट, नि हा दोरी बांधून निजनारा म्हंजे बारकूच. माझा भाऊ मेलेला चार दिस झाले व्हते, नि ती मानसं हसत व्हती. म्हनून आले. वाचा. त्यात गल्ली असंल तर ते कागद घेऊन मी आजच मुरबाडला जाते.

मास्तर: गल्ली नाही त्यात. मी सांगतो ना.

राही: मला वाचता येत नाय. तुमी नाय म्हनता तर मी नाय कसं धरू? सगळी वाचा. आनि गाळू नका. बारकूला पठानानं लाथा घातल्या ते पत्र वाचलंत, तवा तुमी चार वाक्यं गाळली व्हती.

मास्तर: तुला वाईट वाटेल म्हणून गाळली.

राही: झिपरूनं सांगितलं मंग. तवापासून तुमी गाळता कवा ते मला आवाजावरनं समजतं. वाचा.

मास्तर: ‘रंगूदादा जागा झाला की गल्ली जागी व्हायची. इराण्याच्या हॉटेलात बशा खणखणायच्या. पानवाल्याचा आरसा दुपारचं ऊन उचलून रंगूच्या डोळ्यांवर फेकायचा, आणि माडीवरच्या बायका पाण्याचे तांबे खाली ओतून म्हणायच्या, उठलास का रे मेल्या?’

राही: रंगूदादा कोन?

मास्तर: बारकूच. नाव बदललं मी. दादा म्हणजे गल्लीतला गुंड. सगळे त्याला भितात.

राही: बारकूला? त्याला तर टोपलीवाल्या बाया ‘ए गावड्या’ म्हनायच्या. पत्रातच व्हतं. पठानानं लाथा घातल्या तवा त्यानं हात जोडले.

मास्तर: हात जोडणाऱ्या माणसाची गोष्ट कुणी छापत नाही.

राही: पुढं.

मास्तर: ‘रंगू झोपताना उजवा पाय गॅसबत्तीच्या खांबाला बांधी. कुणी विचारलं तर म्हणे, झोपेत माझा राग उठून चालायला लागतो. बांधून ठेवला नाही तर सकाळी गल्लीत मुडदा सापडेल.’

राही: असं बोलला व्हता तो?

मास्तर: नाही. ते माझं.

राही: तो झोपेत चालायचा. चार वर्सांचा असताना विहिरीच्या काठावर उभा सापडला, डोळे मिटलेले. तवापासून आई त्याचा पाय घराच्या मेढीला बांधायची. आई गेली, मंग मी बांधायची. पुढं वाचा.

मास्तर: पुढे मारामारी आहे. त्यात पत्ता नाही काही.

राही: वाचा.

मास्तर: ‘तिघे आले. एकाच्या हातात वस्तरा, दुसऱ्याच्या हातात सायकलची साखळी. रंगूनं डोळा उघडला. एका झटक्यात दोरी तटकन तुटली.’

राही: तुटली?

मास्तर: गोष्टीत तुटते.

राही: ही घ्या. हात लावा. भ्या नका, वाळलंय रगत. अंबाडीची, तीन पदरी, मी वळलेली. झिपरूनं खांबावरनं सोडून आनली. कुठं तुटली ते मला दावा.

मास्तर: नाही तुटलेली.

राही: वाचा.

मास्तर: ‘रंगूनं सोड्याची बाटली खांबावर फोडली आणि पहिल्याच्या तोंडात फिरवली. दुसऱ्याचा कान साखळीसकट हातात आला. तिसरा पळाला, त्याला रंगूनं इराण्याच्या पायरीवर गाठून त्याचं डोकं संगमरवरी टेबलावर आपटलं, एकदा, दोनदा, टेबल फुटेपर्यंत. रस्त्यावर रासबेरीचा सोडा आणि रक्त असं मिसळून वाहिलं, की कुठलं कुठलं ते पोलिसांनाही सांगता येईना.’

राही: हे लिवताना तुमी कुठं बसले व्हते?

मास्तर: इथंच. या मेजाशी.

राही: कान हातात आला म्हंजे कसा येतो, पाहिलंय कवा?

मास्तर: नाही. मुंबईला मी चार वेळा गेलो आहे. त्यातल्या दोन वेळा डोळ्यांच्या दवाखान्यात.

राही: झिपरू म्हनतो, रगत लाल नव्हतंच. काळं दिसत व्हतं, डांबरावर. लगेच माश्या आल्या. ह्या मागल्या पानावर हाताची खूण कसली?

मास्तर: ते गोष्टीचं शेवटचं पान. मी पुष्कळदा… उघडलं असेल.

राही: शेवट वाचा.

मास्तर: ‘रंगूनं तुटलेली दोरी उचलली, पुन्हा पायाला बांधली आणि खांबाला टेकून झोपी गेला. गल्ली त्याच्या घोरण्यावर ताल धरून चालू लागली.’ संपली.

राही: गल्लीचं नाव?

मास्तर: नाही. बाजाराचं नाही, तबेल्याचं नाही, भायखळ्याचंसुद्धा नाही. तेवढी अक्कल होती मला.

राही: मंग उपेग नाय. मला वाटलं व्हतं, ह्यात असंल. तुमची मान मोडावी म्हनून आले व्हते नि मनात म्हनत व्हते, असंलच, असू दे, म्हंजे कमळू लटकंल. आता तुमीबी सुटले नि तोबी.

मास्तर: पाणी देऊ?

राही: नको. आमच्या वाडीवर झिपरूच्या दारात कालपासून कमळूची मानसं बिड्या वढत बसतात. त्यानं पाहिलं म्हनून. आता पाळी त्याची. त्याला तीन ल्हान पोरं हाईत.

सरस्वती: अहो. कडी कुणी घातली भर दुपारी?

मास्तर: मी… म्हणजे राही आली आहे. पत्र सांगते आहे.

सरस्वती: पत्राला कडी कशाला हवी? ओलं धुणं घेऊन उभी आहे मी, पाय भाजताहेत.

मास्तर: मागच्या दारानं ये.

सरस्वती: त्याला तुम्हीच अडसर घालता, मांजर येतं म्हणून. जरा कुणी गोष्टीला बरं म्हटलं की यांचं दार लागलंच. तो धसईचा कमळू आला होता तेव्हाही तसंच. दोनदा चहा करायला लावलात, मला उंबरठ्यावरून परत पाठवलंत, आणि लोकांच्या पत्रांची पेटी खाली काढून बसलात दोघं. चालू द्या. मी धुणं वाळत घालून येते, तोवर तरी उघडा.

राही: कमळू?

मास्तर: राही, ऐक.

राही: कमळू आला व्हता. इथं. कवा?

मास्तर: गेल्या महिन्यात. गोष्ट छापून आल्यावर आठ दिवसांनी.

राही: पत्रांची पेटी का काढली? त्या पेटीत माझ्या भावाची पत्रं हाईत. आमाला वाचता येत नाय म्हनून तुमच्यापाशी ठेवतो आमी. सन आला का तुमी परत वाचून दावता. त्याला कंचं पत्र दावलं?

मास्तर: मला कळलं नव्हतं. देवाशपथ, मला त्या क्षणी…

राही: कंचं?

मास्तर: ज्यात तो लिहितो, की तबेल्यासमोरच्या खांबापाशी निजतो. तेच.

(कोयता मेजावर बसतो. मास्तरांच्या डाव्या करंगळीची दोन पेरं मासिकाच्या उघड्या पानावर पडतात.)

सरस्वती: अहो, काय पडलं?

मास्तर: दौत. दौत सांडली.

सरस्वती: पुसा लगेच. डाग जात नाहीत.

राही: वरडला नाहीस. बरं केलंस. आता बोल. बोलला नाहीस तर पुढचा हातावर. का दावलंस?

मास्तर: तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, गोष्ट लिहिणारे मास्तर तुम्हीच ना? अठरा वर्षं लिहितो आहे मी, राही. गोष्टीसाठी या दारात कुणी आलं नव्हतं. पोस्टासाठी येतात, शाळेसाठी येतात. त्याला ती बाटलीची वाक्यं पाठ होती. कुणाकडून तरी वाचून घेतली होती त्यानं.

राही: नि तुला लय बरं वाटलं.

मास्तर: हो. मग म्हणाला, पण लोक म्हणतात मास्तर सगळं घरबसल्या रचतात. यांनी मुंबई कुठं पाहिली आहे? असा माणूस असतो का कुठं, पाय बांधून निजणारा? माझ्या मनात तेच असतं रोज. मी लिहितो ते सगळं खोटं आहे, उष्टं आहे, असं. म्हटलं, असतो. खरा आहे. तो हसला. म्हणाला, दाखवा. आणि मी पेटी काढली.

राही: कमळू हाय, गोमाचा भाऊ हाय, हे दिसत नव्हतं तुला?

मास्तर: दिसत होतं. पण त्या वेळी तो मला वाचक दिसत होता. तो गेल्यावर अर्ध्या तासात लक्षात आलं.

राही: अर्ध्या तासात. नि महिनाभर तू काय केलंस? पोस्ट तुझ्याच घरात. एक कार्ड टाकायचं व्हतं. ‘बारकू, खांब बदल.’

मास्तर: लिहिलं होतं. टाकलं नाही. वाटलं, कमळू काही मुंबईला जायचा नाही. आणि कार्ड टाकलं तर तुला सांगावं लागलं असतं, का टाकलं ते.

राही: हात वर धर. वर. रगत थांबत नाय तुझं.

मास्तर: काय करतेस?

राही: दोरी बांधते. मनगटाला. मूठ वळून धर. घट्ट लागंल.

मास्तर: बारकूची दोरी?

राही: दुसरी हाय का तुझ्याकडं? ही आईची गाठ. वढून सुटत नाय, बसून दोन्ही हातांनी सोडावी लागते. म्हनून तर… हलू नको. उजवा हात चांगला हाय ना?

मास्तर: आहे.

राही: मंग कागद घ्या. फौजदाराला लिवा. कमळू कवा आला, काय बोलला, कंचं पत्र दावलं.

मास्तर: ते लिहिलं की माझं पोस्ट जाईल, शाळा जाईल. दुसऱ्याचं पत्र दाखवलं, म्हणजे तुरुंगसुद्धा.

राही: जाईल.

मास्तर: आणि कमळू मला ठेवणार नाही.

राही: कोर्टात उभं ऱ्हायले तर नाय ठेवनार. खळ्यावरची चाळीस मानसं असंच बोलली व्हती. तुमचा रंगू भीत नाय का कुनाला?

मास्तर: रंगू खोटा आहे गं.

राही: ठाव हाय मला. म्हनून खरं लिवा. एकदा. झिपरूच्या दारात बसलेत ते.

मास्तर: दे तो टाक. पान जरा धर, डावा हात टेकवत नाही.

राही: धरलं. मोठ्यानं बोलत लिवा, पत्र लिवता तसं.

मास्तर: ‘तारीख अकरा मे एकोणीसशे अडतीस. मी, वामन केशव गणपुले, वय छप्पन्न, शाळामास्तर व पोस्टमास्तर, लिहून देतो की, गेल्या एप्रिलात कमळू, गोमा मुकादमाचा भाऊ, माझ्या घरी आला. त्यानं माझ्या गोष्टीची स्तुती केली.’ हे हवं का?

राही: हवं. का दावलं ते नाय लिवलं तर कोन मानंल?

मास्तर: ‘त्या स्तुतीमुळे मी त्याला बारकूचं पत्र दाखवलं. त्यात भायखळ्याच्या बाजारामागच्या गल्लीतला, तबेल्यासमोरचा खांब, असा ठिकाणा होता. मयत पाय बांधून झोपतो हे कमळूला माझ्या गोष्टीवरून ठाऊक होतं. पत्र मी त्याला दोनदा वाचून दाखवलं. माझी बायको सरस्वती हिनं त्याला घरात पाहिलं आहे.’ झालं.

राही: नाय झालं. दोरीचं?

मास्तर: दोरीचं लिहिलं की.

राही: ती आली कुठनं ते नाय लिवलं. मुंबईत त्यानं बांधायची सोडली व्हती. त्याला लाज वाटायची. गेल्या साली एकदा जागा झाला तर ट्रामच्या रुळावर उभा. ते तुमी मला वाचून दावलं, नि मी सांगितलं, त्याला लिवा, पाय बांधून निज, मी दोरी धाडते, न बांधशील तर माझी आन हाय. पायरीवर बसून सांगितलं. तुमीच लिवलं ते.

मास्तर: त्याचा फौजदाराला काही उपयोग नाही, राही. आणि तुझा दोष नाही त्यात.

राही: गोष्टीतबी तुमी तेवढंच गाळलं. वाचलंत तवाच समजलं मला. दोष असंल नसंल, ते मी बघीन. लिवा.

मास्तर: ‘मयताच्या बहिणीनं आण घातल्यावरून तो पाय बांधत असे. दोरी तिनं पाठवली. ते पत्र माझ्या हातचं आहे.’

राही: आता बोट.

मास्तर: बोटाचं नको. मी सांगेन, दौतीची काच लागली.

राही: काचंनं दोन पेरं जातात? फौजदार आंधळा नाय. एक खोटं घावलं तर तो सगळंच खोटं म्हनंल. मी तोडलं म्हनून लिवा.

मास्तर: तुला धरतील.

राही: धरू द्या. कमळूच्या शेजारच्या कोठडीत ठेवा म्हनंन.

सरस्वती: अहो, झालं का पत्र? किती लांबवताय?

मास्तर: झालंच. राही म्हणाली तेही लिहिलं. सही तेवढी राहिली.

राही: सही जरा वर करा, मास्तर. खाली माझ्या अंगठ्याला जागा ठेवा.